पंचायतीच्या दारात शाळेचा दाखला

राजस्थान शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून पंचायतीच्या उमेदवारांवर शिक्षणाची अट लादली. हरियाणाने सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचीच री ओढली. सर्वसाधारण पुरुष उमेदवार दहावी उत्तीर्ण हवा, स्त्री व अनुसूचित जातीचा पुरुष आठवी. अनुसूचित जातीच्या स्त्रीला मात्र पंचपदापुरती पाचवी पुरे. शिवाय विजेचे बिल व सहकारी कर्ज थकलेले नसावे आणि घरी वापरातला संडास असावा! सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी या सर्व अटी वैध ठरविल्या.

आमदार-खासदारांना अशी एकही शैक्षणिक अट नाही. कायदे करणारा निरक्षर असला तरी चालतो. गावच्या नळपाण्याचा निर्णय घेणारी बाई मात्र आठवी झालेली हवी. सुधारणेचा हा उत्साह विधानसभेच्या पायरीवरच का थांबावा?

न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार हरियाणातील अनुसूचित जातींच्या सुमारे ६८ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४१ टक्के पुरुष या एका अटीने उमेदवारीतून बाद होत होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये ज्यांच्यासाठी राखीव जागांचे दार उघडले, त्यांच्याच तोंडावर ते पुन्हा लावून घेतले गेले. हानी केवळ उमेदवाराची नाही. शेतमजुरांच्या वस्तीला आपल्यातलीच एखादी अनुभवी बाई निवडून द्यावयाची असेल, तर तिचे नाव मतपत्रिकेवर येणारच नाही. मत शाबूत राहते, निवड हिरावली जाते. आणि जागा ज्यांच्या घरी शाळेचे दाखले आधीपासून आहेत त्यांच्याकडे आपोआप जाते.

शिकलेला सरपंच हिशेब तपासील, ग्रामसेवकाच्या कह्यात जाणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश आहे. पण त्यावरचा उपाय निवडून आलेल्यांना प्रशिक्षण देणे हा आहे, निवडून येण्याचीच बंदी करणे हा नव्हे. राजस्थानात तर या अटीने बनावट गुणपत्रिकांचा धंदा जन्माला घातला आणि निवडून आलेल्या अनेक सरपंचांवर गुन्हे दाखल झाले.

मूळ प्रश्न निरक्षरतेच्या दोषाचा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याची जबाबदारी घटनेच्या ४५व्या कलमाने १९५० मध्येच राज्यसंस्थेवर टाकली होती. ती मुदत १९६० साली संपली. त्यानंतर दशकानुदशके ज्या मुली शेतावर राबल्या, धाकटी भावंडे सांभाळीत घरी राहिल्या, त्याच २०१५ मध्ये अपात्र ठरल्या. वचन मोडले राज्यसंस्थेने आणि दंड भरला त्यांनी. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास होती. तरीही घटनाकारांनी मतदानाला वा उमेदवारीला शिक्षणाची अट घातली नाही, कारण शिक्षण व मालमत्तेवर मताधिकार तोलण्याची ब्रिटिशांची रीत त्यांनी जाणूनबुजून टाकली होती.

कर्जाच्या अटीबाबत न्यायालयाने म्हटले की, निवडणूक खर्चिक असल्याने इतका कर्जबाजारी माणूस ती लढविण्याची शक्यता कमीच. निवडणूक खर्चिक आहे हे खरेच. पण म्हणून थकबाकीदार अल्पभूधारकाला कायद्यानेही अडवावे, हे तर्कशास्त्र अजब होय.

राजस्थान विधानसभेने फेब्रुवारी २०१९ मध्ये शैक्षणिक अट रद्द केली. हरियाणाच्या २०२२ मधील पंचायत निवडणुका मात्र शैक्षणिक अटीखालीच झाल्या. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर, १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारांसाठी सातवी उत्तीर्णतेची अट आली. ती तरुणांपुरतीच असल्याने आज फारशी बोचत नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर गेल्याने ज्यांची शाळा सुटली, ती मुलेही १९९५ नंतरच जन्मलेली आहेत.