ताईंचा सल्ला : चिठ्ठी द्यावी, पण कसली?

ठाण्याच्या एका भगिनीनं विचारलं आहे : "माझ्या मुलाला सांभाळायला तीन वर्षं एक बाई येत होत्या. पैशाला चोख, स्वयंपाकही झकास. पण दोनदा त्या मुलाला एकटं ठेवून, बाहेरून कुलूप लावून निघून गेल्या. दुसऱ्यांदा शेजारणीनं त्याचं रडणं ऐकलं. आता त्यांना सहा महिन्यांच्या बाळाचं काम मिळतंय. 'मूल नीट सांभाळतात' अशी चिठ्ठी मागताहेत. नवरा आजारी, दोन मुली शिकताहेत. नाही कसं म्हणू?"

नाहीच म्हणायचं. ज्या घरी ती चिठ्ठी जाईल, तिथली आई तुमच्या अक्षरावर विसंबून कामाला बाहेर पडणार आहे.

मग काहीजणी मधला मार्ग काढतात. "बाई बऱ्या आहेत" असं गुळमुळीत लिहून देतात. हे मला मुळीच पसंत नाही. वाचणारी भोळी असली तर फसते, चाणाक्ष असली तर ओळखते. आणि ती बिचारी आपल्याच विरुद्धचा कागद दारोदार मिरवत राहते! साहेबांच्या काळी आया-बटलर असल्या चिठ्ठ्या जपून ठेवीत. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेला आहे.

त्यापेक्षा जे खरं आणि चांगलं आहे, ते भरघोस लिहा : "या माझ्याकडे तीन वर्षं कामाला होत्या. स्वयंपाक उत्तम करतात, व्यवहाराला चोख आहेत. स्वयंपाकाच्या कामासाठी मी त्यांची आनंदानं शिफारस करते." खाली तारीख, सही, फोन नंबर. मुलाचा उल्लेखच नको.

कामाचा नुसता दाखला मात्र कधी अडवू नये. २००८ च्या कायद्यानं झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर घरमालकाचा दाखला मागतात. ती शिफारस नव्हे.

हे सांगायचं कसं? दारात उभ्या-उभ्या नको. चहा द्या, बसवा, आणि स्पष्ट बोला : "बाळाच्या कामाची चिठ्ठी मी देणार नाही, त्या दोन दिवसांमुळे. स्वयंपाकासाठी हवी तेवढी चांगली देते." "हे नको म्हणतात" असं यजमानांवर ढकलू नका, त्यांना ते लगेच कळतं. कुलूप लावून त्या कुठं गेल्या होत्या, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात दिसत नाही. कदाचित स्वतःच्या मुलीला शाळेतून आणायला गेल्या असतील. चिठ्ठी त्यानं बदलणार नाही, पण तुमच्या बोलण्याचा सूर बदलेल.

त्या बाळाच्या आईचा फोन आलाच, तर घडलं तेवढंच सांगा. शेजारणीचे तर्क, त्यांच्या घरच्या भानगडी, यांतलं अक्षरही नको.

आणि तुमच्या इमारतीत पोळ्यांना बाई शोधणारं एखादं घर असेलच. चिठ्ठी लिहायच्या आधी तिथं विचारून ठेवा.