मुका टॅपेट

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फियाट अकराशे डिलाइट बाहेर पडू लागली, आणि पुढे पद्मिनी हे नाव धारण करून जिने मुंबईच्या टॅक्सीवाल्यांपासून तालुक्याच्या डॉक्टर-वकिलांपर्यंत सर्वांची निष्ठेने चाकरी केली, ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतळावरून निवृत्त झाली. तथापि घोडेगावासारख्या ठिकाणी एखाद्या पत्र्याच्या शेडखाली ती अद्याप उभी आढळते, आणि तिचा मालक रविवारी सकाळी पान्हे पसरून बसला म्हणजे त्याची कीव करावी की कौतुक, अशा संभ्रमात शेजारी पडतात. त्या मालकांपैकी मी एक असल्यामुळे ही कैफियत.

गाडी मंचरला किंवा पुण्याला नेऊन दिली तर काम होत नाही असे नाही. परंतु संगणकाची तार जोडून दोष वाचण्यात वाकबगार झालेल्या आजच्या कारागिरास कार्ब्युरेटर हाताळण्याचा प्रसंगच सहसा येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. उलट या गाडीचे बॉनेट उचलले की 1089 घनसेंटीमीटरचे ते चार सिलिंडरचे इंजिन असे उघडेवाघडे समोर येते, की ज्याला वेळ आहे आणि पुस्तक वाचण्याची तयारी आहे, त्याच्यापासून ते काहीही लपवून ठेवीत नाही.

घरी करावयाच्या कामांत अग्रपूजेचा मान टॅपेटचा. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये अत्यल्प फट राखावी लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो, आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता बसत नाही. ही फट इंजिन थंड असताना मोजावयाची, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी पहिल्या चहाच्याही आधी हात घालावा. पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा हे पिस्टन जोडीने वर येतात. तेव्हा हॅन्डल सावकाश फिरवीत चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असल्याच्या संधिकाली थांबले, की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह निःशंक मिटलेले असतात, व फीलर गेजची पाती त्यांच्या फटीतून सरकताना बोटांना जी किंचित ओढ जाणवते तिच्यावरून माप ठरवावयाचे. फट वाढली तर टकटक ऐकू येते आणि ऐकणारा प्रत्येकजण सल्ला देतो. उलट फट नाहीशी झाली तर इंजिन इतके शांत चालते की मालक संतुष्ट होतो, आणि त्याच शांततेत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत असतो, कारण आपली बहुतेक उष्णता त्याला बैठकीच्या स्पर्शातूनच बाहेर टाकता येते. बोलणारा टॅपेट परवडतो, मुका परवडत नाही, हे जुन्या मिस्त्रींचे मत मला शिरोधार्य वाटते.

बाकीची कामे त्या मानाने किरकोळ. प्लग काढून पाहावेत: तपकिरी असले तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके पडले असतील तर कमी. डिस्ट्रिब्युटरचे झाकण पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसावे, पॉइंट खडबडले असतील तर बदलावेत. कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करावा. त्यात तार घालू नये, छिद्र मोठे होते आणि पुढे गाडी पेट्रोल पिऊ लागते. हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट बसले नाही तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात जी फेरतपासणी होते, तिच्यात धुरापायी नामंजुरीचा शेरा मिळण्याची धास्ती असते.

अलीकडे एक नवी पीडा उद्भवली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेले, आणि निव्वळ पेट्रोलसाठी घडविलेले जुने रबरी पाइप व पेट्रोल पंपाचा पडदा त्यापुढे टिकत नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे डिंभ्याकडचा पाऊस चालू असता महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याचे भय असते. ज्या तालुक्यात पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे आणि अर्धे शिवार उसाचे आहे, तेथे इथेनॉलविरुद्ध तक्रार करण्यात शहाणपण नाही. आपण पाइप बदलावेत आणि गप्प बसावे.

हेड मात्र घरी उघडू नये, हे मी निक्षून सांगतो. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड, दोहोंचे प्रसरण निराळे. नट मधून कडेकडे, ठराविक क्रमाने आणि मापाच्या पान्ह्यानेच आवळावे लागतात, आणि पृष्ठभाग वाकला असेल तर तो यंत्रावरच सरळ होतो. भीमाशंकरच्या चढणीवर इंजिन तापले असता वरून गार पाणी ओतणारे महाभाग हेच हेड वाकवितात. तेथे गाडी सावलीत उभी करून स्वस्थ बसणे हाच उपाय.

शेवटी एक विनंती. चेंबरमधून काढलेले काळे तेल डब्यात साठवावे आणि जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे, गटारात ओतू नये. आपल्या गावचे गटार घोड नदीस मिळते, आणि तिचे पाणी खालच्या गावांच्या कांद्या-बटाट्याला जाते.