तळाचा संघ आणि आमची वर्गणी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाची बैठक झाली. दहा-बारा माणसं, शाळेच्या व्हरांड्यात. विषय एकच, पैसे. आमचा गाव डिचोली तालुक्यात आहे. खाणी चालू होत्या तेव्हा जर्सी, बूट, मॅचला जायला गाडी, सगळं एका खाणवाल्याकडून यायचं. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि तो हात आखडला तो आखडलाच. तेव्हापासून क्लब कसाबसा चालला आहे.

माझे मामा क्लबाचे खजिनदार. त्यांनी बैठकीत मांडलं की घरटी वर्षाला तीनशे रुपये वर्गणी घ्यावी आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला एक मत द्यावं. मी उठून विरोध केला. म्हटलं, "मामा, तीनशे-तीनशे रुपयांनी क्लब चालत नसतो. एखादा मोठा स्पॉन्सर बघूया." पोरांनी माझ्या बाजूने माना डोलावल्या. मामा एवढंच म्हणाले, "स्पॉन्सर गेल्यावर काय होतं ते तू बघितलेलं नाहीस. मी बघितलंय." ठराव बारगळला.

त्या दिवशी मी चुकलो, हे सांगायला हा लेख लिहितोय. आणि मला ते पटलं ते जपानमधल्या एका हंगामामुळे.

जपानच्या जे-लीगमधला २००७ चा हंगाम. पहिल्या श्रेणीत अठरा संघ, प्रत्येकाचे ३४ सामने. विजेता काशिमा अँटलर्स, ७२ गुण. दुसरा उरावा रेड्स, ७० गुण. आपण गुणतक्ता वरून दोन-तीन ओळी वाचतो आणि सोडून देतो. मी सांगतो ती गोष्ट सगळ्यात खालच्या ओळीतली आहे. योकोहामा एफसी: ४ विजय, ४ बरोबरी, २६ पराभव, १६ गुण. अख्ख्या हंगामात फक्त १९ गोल.

आता म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? सांगतो, पण त्यासाठी नऊ वर्षं मागे जावं लागेल.

जे-लीग १९९३ साली सुरू झाली तेव्हा दहा संघ होते. त्यातले दोन एकाच शहरातले, योकोहामा मारिनोस आणि योकोहामा फ्लूगेल्स. मारिनोसच्या मागे निस्सान ही मोटार कंपनी. फ्लूगेल्सच्या मागे ऑल निप्पॉन एअरवेज ही विमान कंपनी आणि एक बांधकाम कंपनी. पुढे जपानची अर्थव्यवस्था मंदावली. बांधकाम कंपनीने अंग काढून घेतलं आणि विमान कंपनी म्हणाली की एकटीला झेपणार नाही. ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस बातमी आली: फ्लूगेल्स मारिनोसमध्ये विलीन होणार. विलीन हा शब्द गोड आहे. खरं म्हणजे एक क्लब बंद होणार होता, आणि त्याची आठवण म्हणून मारिनोसच्या नावात 'एफ' हे एक अक्षर येणार होतं.

चाहत्यांनी निदर्शनं केली, सह्या गोळा केल्या. उपयोग झाला नाही. खेळाडूंच्या हातात फक्त खेळणं उरलं होतं. सम्राट चषक ही बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे ज्या दिवशी हरणार त्या दिवशी क्लब संपणार. ते हरलेच नाहीत. १ जानेवारी १९९९ ला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये त्यांनी शिमिझु एस-पल्सला २-१ ने हरवलं आणि चषक उचलला. तो त्या क्लबाचा शेवटचा सामना. जिंकून संपलेला क्लब मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

चाहत्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, मारिनोसला टाळ्या वाजवायच्या, म्हणजे कालपर्यंतच्या शहरातल्या प्रतिस्पर्ध्याला. दुसरी, नवा क्लब काढायचा. बऱ्याच जणांनी दुसरी धरली. पैसे गोळा केले, सभासद केले आणि १९९९ मध्ये योकोहामा एफसी उभा केला. कल्पना बार्सिलोनासारख्या क्लबांकडून घेतलेली, सभासदांचा क्लब. सुरुवात जे-लीगच्याही खालच्या लीगपासून. २००१ मध्ये दुसरी श्रेणी. २००६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद. आणि मग २००७, पहिली श्रेणी.

म्हणजे तक्त्यात तळाला दिसतो तो संघ इथवर आला होता तो असा.

त्या हंगामाची पहिलीच मॅच उरावा रेड्सच्या मैदानावर, २-१ ने हार. उरावा आदल्या वर्षीचे विजेते. दुसऱ्या आठवड्यात घरच्या मित्सुझावा मैदानावर पाहुणे कोण, तर योकोहामा एफ. मारिनोस. ज्या क्लबात आपला क्लब गडप झाला, तोच. योकोहामा एफसी १-० ने जिंकला. पहिल्या श्रेणीतला त्यांचा पहिला विजय तो, आणि तो याच संघाविरुद्ध. एवढं वाचून मला वाटलं होतं, झालं, सिनेमा संपला.

पण सिनेमा संपला तरी हंगाम चालूच असतो. ऑगस्टमध्ये परतीच्या सामन्यात मारिनोसने त्यांना ८-१ ने धुतलं. याच हंगामात प्रशिक्षकाला काढलं. पराभव मोजायचंही लोकांनी सोडून दिलं असेल. शेवटचा दिवस यायच्या बऱ्याच आधी दुसऱ्या श्रेणीत घसरणं नक्की झालं होतं.

आणि मग १ डिसेंबर २००७. शेवटची फेरी. उरावा ७० गुणांवर पहिले, काशिमा ६९ वर दुसरे. उरावा नुकतेच आशियाई चॅम्पियन्स लीगही जिंकून आलेले. त्यांना फक्त तळाच्या संघाला हरवायचं होतं. तळाचा संघ म्हणजे योकोहामा एफसी. त्यांच्या बाजूने खेळत होता काझुयोशी मिउरा, जपानी फुटबॉलचा जुना राजा, वय वर्षं ४०. पूर्वार्धात त्याने उजवीकडून चेंडू आत टाकला आणि नेमोतोने गोल केला. १-०. उरावाला तो गोल शेवटपर्यंत फेडता आला नाही. तिकडे काशिमाने शिमिझुला ३-० ने हरवलं आणि विजेतेपद काशिमाला गेलं.

ज्याला काहीच मिळणार नव्हतं त्या संघाने ठरवलं की कप कुणाकडे जाणार.

त्या संघात आणखी एक माणूस होता, यामागुची मोतोहिरो. १९९९ च्या त्या शेवटच्या सामन्यात फ्लूगेल्सचा कर्णधार तोच. नऊ वर्षांनी तो चाहत्यांनी काढलेल्या क्लबाचा शर्ट घालून पहिल्या श्रेणीत खेळला आणि त्या हंगामाअखेर निवृत्त झाला.

आता आपल्याकडे बघूया. त्याच हिवाळ्यात भारतात आय-लीगचा पहिला हंगाम सुरू झाला होता. जिंकला धेंपो, दुसरा चर्चिल ब्रदर्स, दोन्ही गोव्याचे. आम्ही तेव्हा बाळं होतो, पण घरातल्या मोठ्यांकडून ते दिवस ऐकलेत. त्यानंतरची यादी बघा. मुंबईचा महिंद्र युनायटेड, राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब, २०१० मध्ये बंद. फगवाड्याचा जेसीटी, पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ मध्ये बंद. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा एकदम आय-लीगमधून बाहेर पडले. प्रत्येकाची कारणं असतील, काही पटण्यासारखीही असतील. धेंपो तर पुढे खालून चढत परत आय-लीगमध्ये आला, त्याचं कौतुकच आहे. माझा मुद्दा कारणांचा नाही. माझा मुद्दा असा, की निर्णय झाला तेव्हा मैदानाभोवती उभं राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं का? आणि विचारायचं ठरवलं असतं तरी विचारणार कुठल्या नात्याने? त्याच्याकडे तिकिटाचा तुकडा होता, मत नव्हतं.

कुणी म्हणेल, भाबडेपणा पुरे. हे मी मान्यच करतो. योकोहामा एफसीतही पुढे कंपनीचं भांडवल आलंच. सभासदांच्या वर्गणीवर वरच्या दर्जाचं फुटबॉल चालत नाही. २६ पराभव हा त्याचाच हिशेब आहे. मी स्पॉन्सरच्या विरुद्ध नाही. पण आधी क्लब आपला हवा, मग स्पॉन्सर. उलटं झालं की स्पॉन्सर जाताना क्लब बरोबर घेऊन जातो. योकोहामात पैसा गेला, नाव गेलं, खेळाडू विखुरले. तरी माणसं राहिली, कारण त्यांनी एकमेकांना धरून ठेवलं.

आणि खरं सांगू? हे आपल्याला शिकवायला जपान कशाला हवा! आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं. पडदे, कपडे, गॅसबत्तीच्या काळापासूनचा सगळा खर्च गावच्या वर्गणीतून. त्यात काम करणारे आमचेच, बघणारे आमचेच. पाठ विसरला तर हसणारेही आमचेच. खाणी चालू होत्या तेव्हा नाटक झालं, बंद पडल्या तेव्हाही झालं. एक वर्ष चुकलं नाही. त्याच गावात फुटबॉल क्लब मात्र एका माणसाच्या खिशाला टांगलेला. मी बैठकीत उठून जे बोललो ते हे विसरून बोललो. नाटकाच्या वर्गणीला मी कधी विचारलं नव्हतं की यातून काय होणार.

आपलं मराठी मंडळही असंच आहे. सभासद मोजके, कार्यक्रमाला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. कॉलेजच्या मंडळांचा गुणतक्ता कुणी काढला तर आपण कुठे असू, हे सांगायची गरज नाही. पण हा अंक तुम्ही वाचताय, म्हणजे कुणीतरी बसून टाइप केलंय, कुणीतरी शुद्धलेखन तपासलंय.

पुढच्या रविवारी क्लबाची बैठक परत आहे. मामांचा ठराव या वेळी मी मांडणार आहे. पहिले तीनशे रुपये माझे, शिकवणीच्या पैशातले. ठराव हरला तर त्याच्या पुढच्या बैठकीत परत मांडीन.