वीस रुपयांत हजार गाणी

आमच्या मोहल्ल्यातल्या मोबाईलच्या दुकानात वीस रुपये दिले की मेमरी कार्डात हजारभर गाणी भरून मिळतात. परवा माझा भाचा असंच कार्ड भरून आला. हटकलं तर म्हणाला, "मामू, रफीसाहेबच म्हणायचे ना, गाण्याचे पैसे एकदा मिळाले की गायकाचा हक्क संपला? मग चोरी कुणाची झाली?"

हा दाखला हल्ली वरचेवर कानावर येतो. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींना तो पटला नाही आणि पुढे काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. माझ्या मते त्या वादात लताबाई बरोबर होत्या, पण ते असो. रफींनी सोडलं ते स्वतःचं. गीतकाराचं, संगीतकाराचं त्यांनी कधी सोडलं नव्हतं, सोडूही शकले नसते. हक्कुल इबाद म्हणतात तो हाच: बंद्याचा हक्क त्या बंद्यानेच माफ करायचा असतो. जुम्म्याच्या बयानात हे ऐकताना आपण मान डोलावतो आणि बाहेर पडून त्याच गल्लीत कार्ड भरून घेतो.

कुणी म्हणेल, संगीतच हराम, त्याच्या चोरीचं काय घेऊन बसलात? जो हराम मानतो त्याने ऐकू नये. हराम आहे म्हणून फुकट ऐका, असं मला तरी कुणी शिकवलेलं नाही.

बरं, हे फुकटही नाही. वीस रुपये जातातच, फक्त ते दुकानदाराच्या गल्ल्यात जातात. त्याला 'शेअरिंग' कसं म्हणायचं?

कंपन्या काही साध्या नाहीत, हे मान्य. गीतकार-संगीतकारांकडून सगळे हक्क लिहून घ्यायचे आणि पुढची कमाई आपण खायची, हा धंदा वर्षानुवर्षं चालला. जावेद अख्तर राज्यसभेत याच मुद्द्यावर भांडले आणि 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा लिहून देताच येत नाही. पण वाटा निघणार विक्रीतून. आपण विकतच घेतलं नाही तर कशातला वाटा?

आणि "गाणी महाग आहेत" हे तर सांगूच नका. फ्लिपकार्टने फेब्रुवारी 2012 मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. सहा रुपयांपासून गाणं, एकदा घेतलं की कायमचं आपलं. जून 2013 मध्ये ते बंद पडलं. एवढ्याशा रकमेचे पैसे ऑनलाइन भरणं कटकटीचं होतं, हे खरं. पण बाजूला तेच गाणं फुकट पडलेलं असताना सहा रुपये काढायला किती जण तयार होते? तेव्हा सहा रुपयांत कटिंग चहा यायचा, तो मात्र आपण उधारीवरही पीत नव्हतो.

दुकानदाराला मी विचारलं, या वीस रुपयांतले गाणाऱ्याला किती पोचतात? तो हसला. "चाचा, वीस रुपयांत कुणाकुणाला देऊ?" भाच्याचं कार्ड अजून भरलेलंच आहे. माझ्याही जुन्या फोनमध्ये अशाच चाळीसेक कव्वाल्या निघाल्या. त्यातल्या ज्या विकत मिळाल्या त्या घेतल्या, नऊ अजून सापडायच्या आहेत.