डीजेचं सॉफ्टवेअर आणि आपला ‘इनपुट उपकरणे’ हा धडा



‘इनपुट उपकरणांची नावे लिहा.’ संगणकाच्या चाचणीत हा प्रश्न हमखास असतो. मुलं कीबोर्ड, माउस, स्कॅनर, मायक्रोफोन, जॉयस्टिक अशी पाच नावं धडाधड लिहितात, आपण बरोबरची खूण करतो आणि धडा संपतो. पण इतकी उपकरणं मुळात लागतात कशाला? एकच कीबोर्ड सगळ्या कामांना का पुरत नाही? हे आपण विचारत नाही, म्हणून मुलंही विचारत नाहीत.

हा प्रश्न वर्गात जिवंत करायला माझ्या मते डीजेच्या सॉफ्टवेअरइतकं चांगलं उदाहरण नाही. ‘डीजे’ म्हटलं की आपल्याकडे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते आणि कपाळावर आठ्या पडतात. त्या आठ्यांबद्दल पुढे बोलूच. आधी काम समजून घेऊ.

डीजे नेमकं काय करतो?

एक गाणं सुरू असतं. दुसरं तयार ठेवायचं, ते फक्त हेडफोनमध्ये ऐकायचं, त्याचा वेग पहिल्याशी जुळवायचा आणि ऐकणाऱ्याला धक्का न देता हळूच पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० च्या दशकात कूल हर्क हा डीजे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवत असे. दोन तबकड्या आणि मध्ये एक मिक्सर, ही मांडणी आजच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावरही तशीच दिसते.

शाळेसाठी ‘मिक्स’ (Mixxx ला मराठीत आपण असंच म्हणू) हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, म्हणजे ज्या शाळेच्या लॅबमध्ये उबंटू आहे तिथेही अडचण नाही.

माउस आणि कीबोर्ड : कुठे चालतात, कुठे अडतात

मुलांना आधी फक्त माउस द्यावा. गाणं सुरू करता येतं, आवाजाची पट्टी ओढता येते. मग सांगावं, ‘आता पहिल्याचा आवाज कमी कर आणि त्याच वेळी दुसऱ्याचा वाढव.’ इथे गाडी अडते. माउसचा बाण एकच, म्हणजे एका वेळी एकच काम.

मग कीबोर्ड. मेनूतून कीबोर्ड शॉर्टकट चालू केले की ‘डी’ने डावीकडचं गाणं सुरू किंवा बंद होतं, ‘एल’ने उजवीकडचं. ‘जी’ आणि ‘एच’ने मधली पट्टी, म्हणजे क्रॉसफेडर, डावीकडे-उजवीकडे सरकतो. दोन्ही हात कामाला लागतात आणि बटण नेमक्या ठोक्यावर दाबता येतं. पण कीबोर्डच्या बटणाला दोनच अवस्था असतात, दाबलेलं किंवा सोडलेलं. ‘थोडंसं दाबलेलं’ असं काही नसतं. त्यामुळे आवाज हळूहळू उतरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. शिवाय साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं संगणकाला कळतच नाही.

टचस्क्रीनवर दोन बोटं एकदम चालतात, पण बोटाखाली काही जाणवत नाही. पट्टी कुठे आहे हे बघण्यासाठी नजर सतत पडद्यावरच ठेवावी लागते.

इतकं झालं की ‘इतकी उपकरणं कशाला?’ याचं उत्तर मुलं स्वतःच देतात. पाठांतराची गरज उरत नाही.

कंट्रोलर म्हणजे आकडे पाठवणारी पेटी

बाजारात मिळणाऱ्या डीजे कंट्रोलरवर दोन गोल चक्रं, सरकत्या पट्ट्या आणि फिरवायची बटणं असतात. मुलांना वाटतं, पट्टी वर केली की तिच्यातून आवाज जास्त वाहतो. खरं तर पट्टी फक्त आकडा पाठवते. त्या आकड्याचं काय करायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं.

या आकड्यांची भाषा म्हणजे मिडी. ती १९८३ साली वाद्यांसाठी आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एकमेकांशी बोलता यावं, हा तिचा हेतू. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा तिच्यामागे मोठा वाटा होता. मिडीमध्ये साधी किंमत ० ते १२७ असते, म्हणजे १२८ पायऱ्या. आवाजाला त्या पुरतात. गाण्याच्या वेगाला पुरतात का?

हे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यासारखं आहे. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके आणि वेगाची पट्टी ८ टक्के वर, ८ टक्के खाली. एकूण पल्ला १६ टक्के, म्हणजे १९.२ ठोके. त्याला १२७ ने भागलं की एका पायरीला साधारण ०.१५ ठोका येतो. दोन गाणी नेमकी जुळवायची तर ही पायरी मोठी वाटते. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये वेगाच्या पट्टीसाठी दोन आकडे जोडून पाठवतात. १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. घातांकाचा धडा याहून हाताशी कुठे सापडेल?

तबकडी : जुनं साधन, नवं काम

ज्यांचा हात तबकडीवर बसला होता, त्यांनी ती सोडली नाही. अशांसाठी खास तबकड्या निघाल्या. त्यांच्यावर गाणं नसतं, एक सलग सूर असतो. तबकडी जोरात फिरवली की सूर चढतो, त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या बाजूचा सूर किंचित मागेपुढे ठेवलेला असतो. त्यातला पुढे कोण, यावरून तबकडी सुलटी फिरते की उलटी हे कळतं. सुई कुठे आहे, याची खूणही त्या सुरातच दडवलेली असते. गाणं लॅपटॉपमध्येच असतं, तबकडी फक्त हाताची हालचाल कळवते. एकेकाळी आवाज देणारं यंत्र आज इनपुट उपकरण झालं आहे. वर्गीकरणाच्या तक्त्यात वस्तू कुठे बसते हे तिच्या नावावरून ठरत नाही, ती कोणतं काम करते यावरून ठरतं.

विकत घेण्याआधी बनवून पाहा

पालकहो, हा मुद्दा तुमच्यासाठी. मुलाने हट्ट धरला की हप्त्यावर कंट्रोलर घेऊन देण्याची घाई करू नका. पहिले काही महिने कीबोर्डवर काढू द्या. ज्याला कीबोर्ड कुठे अडतो हे सांगता येतं, त्यालाच कंट्रोलरचा उपयोग होतो. बाकीच्यांच्या घरी तो कपाटावर धूळ खातो.

मधली पायरी शाळेत करता येते. अटल टिंकरिंग लॅब असेल तर आर्डुइनो बोर्ड बहुधा असतोच. लिओनार्डोसारखा बोर्ड संगणकाला थेट यूएसबी मिडी उपकरण म्हणून ओळख देऊ शकतो. नेहमीच्या ऊनो बोर्डला ते तसं जमत नाही, म्हणून बोर्ड आधी तपासा. त्याला एक पोटेन्शिओमीटर जोडायचा, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं फिरणारं बटण. बोर्ड त्याची स्थिती ० ते १०२३ अशी वाचतो आणि मिडीला ० ते १२७ हवं असतं. मग ८ ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. १०२४ भागिले ८ बरोबर १२८! आपण बनवलेलं बटण फिरवल्यावर पडद्यावरची पट्टी हलते, तेव्हा मुलाला इनपुट कळलेलं असतं.

ज्या हातांना नेहमीचं साधन जमत नाही

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं बटण कोणतं काम करेल हे बदलता येतं. कीबोर्डची जुळणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. एखाद्या मुलीचा एकच हात नीट चालत असेल, तर सगळी कामं कीबोर्डच्या एका बाजूला आणता येतात. गाणं सुरू करणं पायाखालच्या यूएसबी पेडलवर देता येतं, कारण असे बरेच पेडल संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डचं बटणच असतात. खेळाच्या जॉयस्टिकलाही थोडा कोड लिहून कामाला लावता येतं.

एरवी संगणकाच्या तासाला दिव्यांग मूल बाजूला बसून बघत राहतं, कारण ‘त्याला माउस धरता येत नाही’ असं आपण मानून बसतो. साधन मुलाच्या मापाचं करता येतं, हे बाकीच्या मुलांनीही बघायला हवं. उद्या त्यांतलंच कोणी बँकेचं यंत्र किंवा तिकिटाचा पडदा बनवणार आहे. तो कोणाच्या हातात पडेल, याचा विचार त्यांना आजच शिकवायचा आहे.

‘पण सर, गोंगाटाचं काय?’

ही शंका रास्त आहे. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल, तर कायद्याने तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. म्हणून वर्गात हेडफोनच वापरावेत, तेही बेताच्या आवाजात. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. हे कोष्टक मुलांकडूनच तयार करून घ्यावं. मिरवणुकीत भिंतीजवळ नाचायचं की नाही, हे ती मग आपल्या ओरडण्याने नाही, आकड्यांवरून ठरवतील. डीजे हा शब्द वर्गाबाहेर ठेवून गोंगाट थांबलेला नाही. तो वर्गात आणून कानांची काळजी शिकवता येते.

आपल्या गावातली काही मुलं लग्नसराईत या व्यवसायात जातातच. ती नुसती स्पीकर उचलणारी राहावीत की यंत्र समजणारी व्हावीत, हे थोडंफार आपल्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या चाचणीत प्रश्न एवढाच बदलून पाहा : ‘एका गाण्यावरून दुसऱ्यावर हळूहळू जायचे आहे. माउस, कीबोर्ड आणि सरकती पट्टी यांपैकी कोणते साधन निवडाल? कारण द्या.’ गुण कारणाला द्या.