हुतात्मे तेवढेच पूर्वज?

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची लेक इंग्लंडात दिलेली आहे. जावई तिकडचाच, कॅथॉलिक. गेल्या नाताळात तो सासुरवाडीस आला, तेव्हा डेव्हन परगण्यातील आपल्या पूर्वजांच्या कागदांची जाडजूड फाइल घेऊन आम्हांला भेटला. जुन्या नोंदवह्यांतील लॅटिन ओळी त्याला लागत नव्हत्या. सेमिनरीत शिकलेले लॅटिन आम्ही अद्याप विसरलेलो नाही, एवढाच आमचा या विषयातील अधिकार. शेतमजूर होते, कुळे होती, एक विधवा होती. तिच्या दफनाच्या ओळीत 'विदुआ, पाउपेर' असे दोनच शब्द होते. विधवा, दरिद्री. वाचून संपल्यावर तो खिन्नपणे म्हणाला, "फादर, यात एकही हुतात्मा नाही. सगळे निमूटपणे राणीच्या चर्चमध्ये गेले. म्हणजे आमचे लोक भित्रेच होते." सासूबाईंनी मान डोलावली. आम्ही मात्र डोलावली नाही, आणि का डोलावली नाही तेच येथे मांडत आहोत.

पूर्वी असे शोधक ढालचिन्हाच्या मागे असत. आपल्या आडनावाचे ढालचिन्ह बाजारात विकत घेऊन भिंतीवर टांगत. वास्तविक त्या देशात ढालचिन्ह आडनावाला मिळत नाही, ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते. पण हौसेला कायदा कोण सांगणार? आम्हां कॅथॉलिकांची हौस थोडी सोवळी आहे, एवढेच. आम्हांला सरदार नको, हुतात्मा हवा. दोहोंच्या मुळाशी अहंकार एकच, आणि दोघांनाही ती दरिद्री विधवा नकोच असते.

मुळात हे कागद उरले कसे? ५ सप्टेंबर १५३८ रोजी हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढले की, प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, दर रविवारी उपासनेनंतर ती लिहावी आणि दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी. मठ लुटणारा हाच तो क्रॉमवेल! आमच्या ट्रेंट परिषदेने विवाहनोंदीचा दंडक घातला तो १५६३ मध्ये, म्हणजे त्याच्या २५ वर्षे मागाहून. त्याच्या हुकमामागे भक्ती नव्हती, पण त्यामुळेच ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा मजुराचे नाव आज सापडते. उपकार कोणाचे मानावे लागतील, याचा नेम नसतो.

तथापि या वह्या कशा वाचाव्यात याचे तारतम्य हवे. १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्च चुकविणाऱ्यास १२ पेन्स दंड झाला, तो मजुराच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक. १५८१ मध्ये दंड महिन्याला २० पौंडांवर गेला. १५९२ पासून सरकारने अशा दंडितांच्या स्वतंत्र याद्या ठेवल्या. आमच्या माणसांचा माग लावताना त्यांच्या छळाचा हिशेबच हाताशी येतो. १७५४ पासून तर ज्यू आणि क्वेकर सोडून सर्वांना कायदेशीर विवाहासाठी अँग्लिकन चर्चच गाठावे लागे. निष्ठावंत कॅथॉलिक जोडपीही तेथे जाऊन सही अथवा फुली करून येत. तेव्हा अँग्लिकन वहीत नाव दिसले की तो धर्मबुडवा, हा निष्कर्ष निव्वळ अज्ञानाचा आहे.

आणि समजा, कोणी खरोखरच वाकले असेल; मग काय?

त्याच डेव्हनमध्ये, एक्समूरच्या कडेला मोरबाथ नावाचे खेडे आहे. तेहतीसेक उंबऱ्यांच्या या गावात १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षे एकच धर्मगुरू होता : सर ख्रिस्तोफर ट्रिके. 'सर' ही तेव्हा धर्मगुरूंना लावायची आदराची पदवी. चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या त्याने स्वतः लिहिल्या, आणि त्यांच्या आधारे इतिहासकार ईमन डफी यांनी २००१ मध्ये 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' हा ग्रंथ सिद्ध केला. चर्चच्या मालकीची मेंढरे होती, ती घरोघर सांभाळायला दिलेली असत. संत सिडवेलच्या मूर्तीवर बापड्याचा फार जीव. मृतांसाठीच्या मिस्सांना काळे झगे हवेत म्हणून त्याने जवळजवळ वीस वर्षे पै-पै साठविली. झगे आले, आणि लगोलग एडवर्ड राजाच्या राजवटीत मृतांसाठीची मिस्साच बंद झाली! मूर्ती गेल्या, वस्त्रे गेली, गाव कर्जात बुडाले. १५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड उसळले, तेव्हा या चिमुकल्या गावाने आपली पाच माणसे एक्सेटरजवळच्या बंडवाल्यांच्या तळावर धाडली. वहीत त्यांच्या खर्चाची नोंद आहे. ते बंड रक्तात बुडविले गेले, हजारो खेडूत मेले. मेरी राणी आली तेव्हा लोकांनी घराघरांत दडविलेल्या वस्तू परत आणून दिल्या. पुढे एलिझाबेथ आली आणि सर ख्रिस्तोफर नवी उपासना चालवीत तेथेच राहिला, मरेपर्यंत.

तो फितूर होता काय? इंग्लंडातील गावोगावचे बहुसंख्य धर्मगुरू असेच राहिले. त्या वर्षी मोरबाथला आम्ही असतो तर काय केले असते, हे छातीठोकपणे सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. ज्यांना बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्ने लावली, त्यांना अनोळखी माणसाच्या हवाली करून निघून जाणे हे कोणाला धर्म वाटेल, कोणाला पळ वाटेल.

आणि हुतात्मे तरी आकाशातून पडले का? १५७७ मध्ये लॉन्स्टन येथे फाशी गेलेला, १९७० मध्ये संत म्हणून घोषित झालेला कथबर्ट मेन याच डेव्हनचा. नव्या व्यवस्थेला शरण गेलेल्या धर्मगुरू चुलत्याच्या आधाराने तो वाढला, स्वतःही आरंभी अँग्लिकन पाळक होता. त्या चुलत्याला वंशवृक्षातून छाटणार काय?

काही सुजाण वाचक संत पौलाचा दाखला देतील. तीमथ्याला लिहिताना त्याने अंतहीन वंशावळ्यांत गुंतू नका असे बजावले आहे. मान्य. पण संत मत्तयाने शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला, आणि तीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांना लपविले नाही. पौलाला वाद आणि मिरवणे नको होते, आठवण नव्हे. आमच्याकडेही 'आम्ही मूळचे अमुक उच्च जातीचे' असे सांगून बाप्तिस्म्याआधीची ढालचिन्हे मिरविणारे थोडे का आहेत! त्यांनी त्या इंग्रजाला हसू नये.

फाइल परत देताना आम्ही त्या विधवेची ओळ जावयाला पुन्हा वाचून दाखविली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने तिचे नाव एका चिठ्ठीवर लिहिले, पाकिटातून पैसे काढले आणि विचारले, "फादर, हिच्यासाठी एक मिस्सा होईल?" पुढच्या सोमवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सात ते नाव आम्ही वाचले. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या.