कॉलर बोन, प्लेट आणि माझं बँकेचं डोकं

१९८१ साली कटंगीच्या बाजारातून सायकलने घरी येताना पडलो आणि डावी हसली मोडली. डॉक्टर लोक कॉलर बोन म्हणतात ते हाड. पाठीवर आठच्या आकड्यासारखा पट्टा आवळून बांधला. काखेत रग लागायची, रात्र रात्र झोप नाही. हाड जुळलं, वाकडं जुळलं. तेवढ्या भांडवलावर मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, हसलीला ऑपरेशन कशाला?

दोन वर्षांपूर्वी भाचा मोटरसायकलवरून पडला. ऐन रोवणीचे दिवस. एका दवाखान्यात एक्स-रे बघून पाच मिनिटांत सांगितलं, "प्लेट टाकू, उद्या भरती व्हा." मी विचारलं, नाही टाकली तर? "काका, आजकाल सगळ्यांना टाकतात." कर्जाच्या फाईलवर मी "सगळ्यांना देतात" असा शेरा मारला असता तर ऑडिटवाल्याने सोडलं असतं का?

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिने फोनवर नीट समजावलं. १९६० साली अमेरिकेतले डॉ. नीर यांनी २२३५ रुग्णांचा हिशेब मांडला होता, त्यात फक्त ३ हाडं जुळली नव्हती. म्हणून वर्षानुवर्षं सगळीकडे पट्टाच. पुढे २००७ मध्ये कॅनडात, हाड मधोमध मोडून टोकं पार सरकलेल्या १३२ जणांवर चाचणी झाली. कोणाला प्लेट, कोणाला झोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. झोळीवाल्या ४९ पैकी ७ जणांचं जुळलं नाही, प्लेटवाल्या ६२ पैकी २ जणांचं. माझा जुना हट्ट तिथेच ढिला पडला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ३०१ रुग्णांची चाचणी आली. नऊ महिन्यांनी न जुळलेली हाडं झोळीत ११ टक्के, प्लेटमध्ये एक टक्क्याहूनही कमी. हाताच्या कामात मात्र प्लेटवाले सहा आठवड्यांना आणि तीन महिन्यांना पुढे, नऊ महिन्यांनी दोघे सारखेच.

आता बँकवाल्यासारखं बघा. शंभरात अकरा खाती थकतात म्हणून शंभरही जणांचं घर तारण घ्यायचं का? एकाचं हाड वाचवायला साधारण दहा जणांना कापावं लागतं, आणि थकलेल्याला नंतरही प्लेट टाकता येते. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर वादच नाही. पण रोजमजुरी करणाऱ्याला ते सुरुवातीचे तीन महिने फार मोलाचे, त्याने प्लेट मागितली तर मी चूक म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही आकडे रुग्णासमोर ठेवावेत आणि निर्णय त्याने घ्यावा. "कार्ड आहे ना, मग लावून टाकू" हे काही कारण नव्हे.

अन् त्या पट्ट्याचं सांगायचं राहिलं. १९८७ साली डेन्मार्कच्या चाचणीत साध्या झोळीनेही हाड तसंच जुळलं, त्रास कमी. माझी झोप फुकटच गेली म्हणायची! पट्टा मात्र आपल्याकडे अजून खपतो.

भाच्याने झोळी निवडली. "मामा, अकरातला मीच निघालो तर?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी गप्प होतो. रोवणी मजूर लावून केली. हाड जुळलं, खांद्याजवळ सुपारीएवढा उंचवटा आहे. आमच्याच गल्लीतल्या एका पोराचं तसंच ठेवलेलं हाड जुळलं नाही. त्याला सात महिन्यांनी प्लेट टाकावी लागली.